टाइमलाइनवरून गेलं म्हणजे सबमिट झालं असं नसतं

प्रश्न : ताई, मी इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला आहे, आमच्याकडे असाइनमेंट, क्विझ सगळं मूडलवरच, म्हणजे कॉलेजच्या ऑनलाइन अभ्यासाच्या साइटवरच असतं. लॉगिन केलं की डॅशबोर्डवर टाइमलाइन, म्हणजे बाकी कामांची यादी येते, मी रोज सकाळी तेवढीच बघते. मागच्या आठवड्यात तिथे काहीच पेंडिंग नव्हतं म्हणून मी निवांत, आणि सोमवारी डिफॉल्टर लिस्टमधे माझं नाव! दोन असाइनमेंट बाकी म्हणे. त्यातली एक तर मी टाइमलाइनवर स्वतःच्या डोळ्यांनी बघितली होती, मग ती गेली कुठे? सर म्हणतात सबमिशनच आलेलं नाही.
– थर्ड इयर कॉम्प्युटर, नाशिक

उत्तर : अगं, आधी एक आठव, त्या असाइनमेंटच्या पानावर वरती 'मार्क ॲज डन' असं बटण होतं का आणि तू ते दाबलंस का? मी काही वर्षं एका कॉलेजात मूडल सांभाळायचे, सबमिशनच्या आठवड्यात हीच तक्रार घेऊन पोरं दारात उभी असायची. प्रश्न वाचला, झालं, दाबलं बटण, फाईल नंतर टाकू म्हणून. किराणावाल्याची उधारीची वही असते ना, पैसे दिले की नाव खोडतात, टाइमलाइन तशीच आहे, जे बाकी आहे तेवढंच दाखवते. तू पैसे न देताच स्वतःचं नाव खोडलंस. बटण दाबलं की मूडलच्या लेखी काम पूर्ण, आत फाईल आहे का नाही ते टाइमलाइन बघत नाही. तेच बटण परत दाब, टिक निघते.

आता दुसरी असाइनमेंट. टाइमलाइनच्या वर डावीकडे एक छोटा ड्रॉपडाऊन असतो, त्यावर बहुतेक 'नेक्स्ट ७ डेज' असेल. म्हणजे दहा दिवसांनी ड्यू असलेलं तिथे येणारच नाही, आणि ज्याची तारीख काल होऊन गेली तेही 'ओव्हरड्यू' किंवा 'ऑल' निवडल्याशिवाय सापडायचं नाही. तिथे 'ऑल' करून ठेव. शेजारी सॉर्टचं बटण आहे, 'सॉर्ट बाय कोर्सेस' केलं की विषयवार दिसतं, ओरलच्या आधी एकेका मॅडमचं काय राहिलंय ते बघायला ते बरं पडतं. नवीन व्हर्जनमधे सर्चही आहे, असाइनमेंटचं नाव टाकलं की झालं.

पण एक गोष्ट कुठल्याच फिल्टरने दिसत नाही, ती म्हणजे ज्याला ड्यू डेटच टाकलेली नाही. टर्मवर्कचे एक्सपेरिमेंट सर नुसते अपलोड करून ठेवतात, तारीख लॅबमधे तोंडी सांगतात, ते टाइमलाइनवर कधीच उगवत नाहीत. त्यामुळे आठवड्यातून एकदा प्रत्येक कोर्स उघडून वरपासून खालपर्यंत स्क्रोल करायला पर्याय नाही, कंटाळा आला तरी.

आणि ते बारा वाजण्याचं प्रकरण. टाइमलाइनवर '१५ मार्च, १२:०० एएम' दिसलं की पोरं समजतात १५ तारखेची रात्र आपली आहे. नाही गं बाई! १४ ची रात्र संपली की ती संपली. सरांचा पण तसा उद्देश नसतो बरेचदा, मूडल स्वतःहून वेळ मध्यरात्रीची टाकतं आणि ते कोण बदलत बसतंय.

उलटा प्रकारही होतो, फाईल टाकली तरी ओळ जात नाही. मग असाइनमेंट उघडून स्टेटस बघ. 'ड्राफ्ट' असेल तर खाली अजून एक 'सबमिट' बटण राहिलंय. 'सबमिटेड फॉर ग्रेडिंग' हे हिरव्या पट्टीत आलं की मगच लॅपटॉप बंद कर, आणि एक स्क्रीनशॉट काढ, एचओडींसमोर तोच कामाला येतो.

प्रश्न : मुलगा म्हणतो सगळं वेळेवर देतोय, पण मला ते बघता येत नाही. त्याचा पासवर्ड मागावा का?
– एक आई, कोल्हापूर

उत्तर : नका मागू. एकतर तो चिडेल, आणि तुमच्याकडून चुकून ते 'डन' दाबलं गेलं तर वरच्या पत्रासारखं व्हायचं. मूडलमधे पालकांसाठी वेगळी भूमिका देता येते, पण ती कॉलेजच्या ॲडमिनने मुद्दाम बनवावी लागते, विचारून बघा. नाहीतर रविवारी चहा घेताना त्यालाच म्हणा, ओव्हरड्यू उघडून दाखव रे.

प्रश्न : मी लास्ट इयरला आहे. चार वर्षांचं सगळं काम मूडलवर पडलंय, पोर्टफोलिओ करायचाय, पण टाइमलाइनवर मागचं काहीच दिसत नाही.
– फायनल इयर, पुणे

उत्तर : दिसणार नाही, उधारी फिटली ना. 'माय कोर्सेस'मधे जाऊन फिल्टर 'पास्ट' कर, जुने सेमिस्टर तिथे असतात, कॉलेजने काढून टाकले नसतील तर. २००२ मधे मार्टिन डुगियामास यांनी ऑस्ट्रेलियात मूडलचं पहिलं व्हर्जन काढलं तेव्हापासून ते फुकट आणि ओपन सोर्स (म्हणजे कोड सगळ्यांना खुला) आहे, त्यामुळे प्रत्येक कॉलेज आपल्या मर्जीने लावतं, तुझ्याकडे मेनू जरा वेगळा असू शकतो. प्रत्येक असाइनमेंटमधून फाईल तर घेच, पण सरांनी दिलेला फीडबॅकही उतरवून घे, लोक नेमका तोच विसरतात आणि इंटरव्ह्यूमधे सांगायला तोच असतो. प्रोफाइलमधे 'डेटा रिक्वेस्ट' असेल तर तुझा सगळा डेटा एकदम मागता येतो, मात्र ॲडमिनने मंजूर करायला वेळ लागतो. म्हणून रिझल्टची वाट न बघता आत्ताच टाक, पास आऊट झाल्यावर अकाउंट कधी बंद करतात ते तुझ्या कॉलेजच्या ऑफिसात विचार.