परसातल्या बिहीला फूल का येत नाही?

प्रश्न : सासूबाई खोकल्यावर बिहीदाणा (बिही म्हणजे क्विन्स, त्या फळाच्या बिया) भिजवून त्याचा चिकट लुआब, म्हणजे बुळबुळीत पाणी, देत असत. त्यांच्या डब्यात उरलेले दाणे मी दोन-अडीच महिने ओल्या वाळूत घालून फ्रिजमध्ये ठेवले आणि नंतर पेरले. त्यांतील एक रोप जगले. आज चार वर्षांनी झाड पुरुषभर उंच झाले आहे, पाने भरपूर आहेत, पण फूल एकही नाही. खत वाढवावे का? (एक वाचक, खानापूर तालुका)

उत्तर : खत वाढवू नये. नत्र अधिक झाले की कोवळी फूट वाढते आणि आपल्याकडच्या लांबलेल्या पावसात अशाच फुटीवर पानांचे करपा-ठिपक्यांचे रोग आधी येतात. उणीव थंडीची आहे. बिही हे मूळचे कॉकेशस आणि इराणकडचे, हिवाळ्यात पाने गाळणारे झाड असून, कळ्या नीट उमलण्यासाठी त्याला जातीनुसार सुमारे 100 ते 500 तास 7 अंश सेल्सियसखालची थंडी लागते. आपल्या बियांना ती फ्रिजमध्ये मिळाली. झाडाला मात्र ती मिळत नाही, कारण बेळगाव-खानापूर भागात पौष महिन्यातही पारा सहसा त्याच्या बराच वर राहतो. शिवाय बियांपासून वाढलेले झाड कलमापेक्षा उशिरा फळते, त्यामुळे आपले झाड अजून वयातच आलेले नाही, अशीही शक्यता आहे. बिही स्वपरागित असल्याने दुसऱ्या झाडाची गरज नाही.

एक प्रयोग मात्र मी अवश्य सुचवेन. इंडोनेशियाच्या उष्ण हवेत सफरचंदाची पाने हातांनी काढून झाडाला नव्याने बहर आणतात. त्या धर्तीवर पाऊस सरल्यावर पाणी हळूहळू तोडावे, डिसेंबरमध्ये दोन-तीन फांद्यांचीच पाने देठापासून अलगद काढावीत आणि दहा-बारा दिवसांनी आळ्यात पाणी सोडावे. फूल येईलच, असे आश्वासन मी देत नाही. या फांद्यांवर कात्री चालवू नये, कारण बिहीचे फूल नव्या आखूड फुटीच्या टोकाला, एकेकटे येते. आपली लाल माती निचऱ्याची असल्याने या झाडाला मानवते. चुनखडीच्या जमिनीत त्याची पाने पिवळी पडतात.

फळाचीच आस असेल, तर शेजारी पेरूचे कलम लावावे. पोर्तुगीज ज्या बिहीच्या वड्या करतात, त्यांच्या जागी गोव्यात पेरूचीच पेराड रुजली, हे आपल्याला घाटाखालच्या पाहुण्यांकडून ठाऊक असेलच. आणि बिहीदाणा नेहमी अख्खाच भिजवावा. तो कुटल्यास आतील गरातून विषारी सायनाइड सुटू शकते.