थारच्या बकेट सीटसाठी एफडी मोडावी का?

प्रश्न: इंदूरला सुदामानगरात राहतो, वय ३६, नोकरी पिथमपूरला. हातात ८८,००० रुपये येतात. तीन दारांची थार आहे, तिचा २१,३०० चा हप्ता अजून २६ महिने चालेल. पावसाळ्यात चोरल-जानापावकडे ऑफरोडिंगला जातो. उतारावर अंग सीटमधून घसरतं, कंबर धरते. म्हणून पुढच्या दोन्ही सीट काढून क्विक-रिलीज बेसवर (खटका ओढला की सीट सुटते अशा चौकटीवर) बकेट सीट, म्हणजे अंगाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारी खोल सीट, बसवायचा विचार आहे. सीट चटकन निघाली की चिखल धुता येईल आणि एरवी मूळ सीट लावता येईल. कोटेशन १,७२,००० चं आहे. २,६०,००० ची एफडी मोडू, की दुकानदार २४ हप्त्यांवर देतोय तसं घेऊ? घरी आई, पत्नी आणि शाळेत जाणारा मुलगा आहे.

उत्तर: एफडी मोडू नका आणि हप्त्यांवरही घेऊ नका. बकेट सीट ही चैन आहे, पण तुमच्या पगारात बसणारी चैन आहे. क्विक-रिलीज बेस मात्र मी पैसे हातात असतानाही घ्यायला सांगणार नाही. आधी पैशांचं बघू, मग बेसचं.

तुम्ही पाठवलेल्या कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात ‘जीएसटी वेगळा’ असं लिहिलंय. दोन सीट ७६,०००, दोन बेस ४२,०००, दोन चार-पट्टी हार्नेस (शर्यतीच्या गाडीतले सीटबेल्ट) २८,०००, हार्नेस बार (खांद्याचे पट्टे बांधायचा आडवा दांडा) १२,००० आणि फिटिंग १४,०००, असे १,७२,००० होतात. त्यावर १८ टक्के म्हणजे ३०,९६०. खरा आकडा २,०२,९६० आहे.

तुम्ही कळवलेल्या आकड्यांनुसार घरखर्च ३८,०००, आईंची औषधं ४,०००, शाळा ६,५०० आणि गाडीचा हप्ता मिळून ६९,८०० रुपये दर महिन्याला जाणारच, पगार येवो न येवो. एफडी या खर्चाला पावणेचार महिने पुरते. मोडलीत तर ५७,०४० उरतील, म्हणजे जेमतेम पंचवीस दिवसांची सोय. घरात कमावते एकटे तुम्ही, आणि कंपनीच्या ग्रुप विम्याशिवाय दुसरा आयुर्विमा नाही. मुदतीआधी मोडल्याबद्दल बँक व्याज कापेल ते वेगळंच.

हप्त्यांचा मार्ग तर आणखी तंग आहे. १४ टक्के दराने २४ महिने म्हणजे महिना सुमारे ९,७४५. यात व्याज जवळपास ३०,९०० होतं, म्हणजे जीएसटीइतकीच रक्कम पुन्हा एकदा. आठ हजारांची एसआयपी धरून सगळं वजा केल्यावर तुमच्या हातात १०,२०० उरतात. हा हप्ता गेल्यावर उरतील ४५५. ज्या महिन्यात थारचा एक टायर कापला जाईल, त्या महिन्यात क्रेडिट कार्ड निघेल.

वापराच्या बाजूनेही बघा. तुम्ही वर्षाला आठेक दिवस जाता. पाच वर्षांचे चाळीस दिवस धरले तर दिवसाला ५,०७४ रुपये पडतात, आणि गाडी विकताना या सीटचे पैसे कोणी वेगळे देत नाही. उलट गिऱ्हाईक आधी विचारेल, मूळ सीट कुठे आहेत? त्या सांभाळायच्या तर फ्लॅटमध्ये दोन मोठ्या सीटना कोरडी जागा हवी.

शिवाय तीन दारांच्या थारमध्ये मागे बसायला पुढची सीट कलवून सरकवावी लागते. फिक्स पाठीची बकेट कलत नाही. आईंना मागे बसवायचं तर दर वेळी सीट उचलून रस्त्यावर ठेवणार का? याचा सरळ अर्थ असा की चौघांची गाडी वर्षातला बराच काळ दोघांची होईल, नाहीतर दर शनिवारी रात्री पाने घेऊन बसावं लागेल.

आता तो बेस. मोटरस्पोर्टची जागतिक संस्था एफआयए क्विक-रिलीज यंत्रणेला मनाई करत नाही, पण तिने उभ्या आणि आडव्या दिशेने, वेगवेगळं तपासताना, १८,००० न्यूटनचा जोर सोसला पाहिजे असं सांगते. हे साधारण १,८३५ किलो वजन झालं. आकडा अवास्तव वाटेल, पण ७५ किलोचा माणूस आणि १२ किलोची सीट धरा. टक्कर होताना वजन वीसपट भासलं तर १,७४० किलो होतात. तुमच्या कोटेशनमध्ये बेससमोर ‘हेवी ड्यूटी’ एवढंच लिहिलंय. हेवी ड्यूटी हा आकडा नव्हे. किती भार, कोणत्या दिशेने आणि कुणी तपासला याचा कागद मागा. नाही मिळाला तर ते ४२,००० रुपये फक्त सोयीसाठी जाताहेत आणि जोखीम तुमच्या पाठीशी बांधली जातेय.

असे बेस बिघडतात कसे, तेही कळू द्या. खटक्याच्या खाचेत चिखल वाळतो आणि लिव्हर अर्धवट बसते. हाताला घट्ट लागते, पण पिन पूर्ण आत गेलेली नसते. चांगल्या बेसला म्हणूनच दुसरा, वेगळा लॉक असतो. खडबडीत रस्त्यावर पिनचं भोक हळूहळू मोठं होतं. बेसच्या पुढच्या-मागच्या पकडींत ३०० मिमी अंतर असेल, तर तिथली ३ मिमीची ढिलाई ६०० मिमी उंचीवर, खांद्यापाशी, ६ मिमी होते. सीट डुगडुगू लागते आणि जे टाळायला तुम्ही एवढा खर्च केलात, तेच परत सुरू होतं. सगळ्यात वाईट म्हणजे हार्नेसचा पट्टा निघणाऱ्या बेसलाच अडकवणं. खटका सुटला की माणूस आणि सीट दोन्ही सुटतात. पट्ट्यांची टोकं बॉडीलाच हवीत आणि खांद्याचे पट्टे मागे जाताना ४५ अंशांपेक्षा जास्त खाली उतरता कामा नयेत.

विम्यातली एक ओळ तर नेमकी क्विक-रिलीजच्या मुळावर येते. खासगी कारची प्रमाणित पॉलिसी अ‍ॅक्सेसरीजला संरक्षण देते ते त्या ‘गाडीवर असताना’. काढून पार्किंगमध्ये धुवायला ठेवलेली बकेट चोरीला गेली तर मोटार विमा हात वर करेल. वर माळ्यावर ठेवलेल्या मूळ सीटचंही तेच. गाडीत बसवलेल्या सीटचीही किंमत विना-इलेक्ट्रिकल अ‍ॅक्सेसरी म्हणून पॉलिसीत लिहून प्रीमियम भरलेला हवा. साध्या पॉलिसीत दाव्याच्या वेळी फायबरग्लासच्या भागांवर ३० टक्के घसारा कापतात. संघटित शर्यत, वेग-चाचणी आणि रिलायबिलिटी ट्रायल (गाडीचा टिकाऊपणा जोखणारी स्पर्धा) पॉलिसीत बसतच नाहीत. क्लबच्या स्पर्धेत नाव देण्याआधी हे लक्षात असू द्या.

कायद्याचं थोडक्यात: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही, आणि आसनसंख्या आरसीवर लिहिलेली असते. नियमबाह्य बदलाला २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. पुढची एक सीट काढून सामान भरून फिरायचा बेत असेल तर तो सोडा.

मग घसरणाऱ्या अंगाचं काय? उतारावर जाण्याआधी सीट मागे सरकवून बेल्ट लावा, पट्टा झटक्याने ओढून लॉक करा आणि लॉक सुटू न देता सीट पुढे घ्या. कमरेची पकड लगेच जाणवेल, खर्च शून्य. बेल्ट अंगावर घट्ट बसेल एवढंच पुढे या, स्टीअरिंगला चिकटू नका. सीटच्या बाजूचा फोम चांगल्या कुशनवाल्याकडून भरून घ्या आणि चिखलासाठी वॉटरप्रूफ कव्हर घाला.

उरणाऱ्या १०,२०० मधले ७,००० एफडीच्या जोडीला आरडीत टाका. सहा महिन्यांचा ४,१८,८०० चा साठा २३ महिन्यांत पुरा होईल. मात्र आधी त्यातून टर्म विमा घ्या. त्याच्या प्रीमियमने मुदत थोडी लांबली तरी चालेल. उरलेले ३,२०० थारच्या नावाने वेगळे ठेवा. चौदा महिन्यांत ४४,८०० होतील. फक्त चालकाची एक बकेट जीएसटीसह ४४,८४० ची आहे. फिक्स ब्रॅकेट आणि फिटिंगसाठी आणखी तीन-चार महिने थांबा. चालकाची सीट बदलली तरी आईंची मागे जायची वाट मोकळी राहते.

बसवताना सीटला किमान चार ठिकाणी पकड हवी, बोल्ट ८ मिमीपेक्षा बारीक नकोत, ब्रॅकेटचं पोलाद किमान ३ मिमी जाडीचं हवं. सियागंजातून बोल्ट आणलात तर डोक्यावर ८.८ हा मजबुतीचा दर्जा कोरलेला बघून घ्या. शक्यतो मूळ सीटचीच भोकं वापरा. नवं भोक पाडावंच लागलं तर खालून तेवढ्याच जाडीची प्लेट लावा, नुसत्या वॉशरवर पत्रा फाटतो. बेल्टचं बकल मूळ सीटच्या सांगाड्याला असेल तर त्याची नवी जागा आधी ठरवा, सीट नंतर. रस्त्यावर कंपनीचा तीन-बिंदू बेल्टच वापरायचा.

सीटखाली एअरबॅग यंत्रणेचा पिवळा कनेक्टर असेल तर तो काढण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडून काही मिनिटं थांबा. इग्निशन चालू असताना तो काढला तर एअरबॅगचा दिवा लागतो आणि स्कॅनरशिवाय जात नाही. कोणी ‘रेझिस्टर टाकून दिवा घालवतो’ म्हणाला, म्हणजे बिघाड तसाच ठेवून नुसता दिवा विझवतो म्हणाला, तर गाडी तिथून परत आणा. बसवून झाल्यावर प्रत्येक बोल्ट आणि ब्रॅकेटवर मिळून रंगाची एक रेघ ओढा. शंभर किलोमीटरनंतर रेघ तुटलेली दिसली, तर तो बोल्ट ढिला झालाय.