किल्ली फिरवण्याआधी

प्रश्न : आमची वॅगन-आर २०१२ सालची, पेट्रोलवरची. बाबाच चालवायचे. त्यांच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली तेव्हापासून गाडी बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी आहे, त्याला आता अडीच वर्षं होतील. शेजारच्या काकांच्या सांगण्यावरून सुरुवातीला मी दर रविवारी खाली जाऊन पाच मिनिटं इंजिन चालू ठेवत असे. मग बॅटरी उतरली आणि तेही सुटलं. यंदा बाबांना गणपतीला चिपळूणला आपल्याच गाडीने जायचंय. मला गाडी चालवता येते, इंजिनातलं मात्र काही कळत नाही. काका म्हणतात, दुसऱ्या गाडीवरून करंट देऊ, शिवाजी पार्कला दोन चकरा मारू, की झालं. तसं करू का?
– एक वाचक, दादर (पश्चिम)

उत्तर : ताई, तसं करू नका. काकांचा हेतू चांगला आहे, पण उभ्या गाडीत जे हळूहळू बिघडलेलं असतं ते पहिल्या स्टार्टला महागात पडतं. इंजिनाच्या वरच्या भागातलं ऑइल केव्हाच खाली चेंबरमध्ये उतरलेलं असतं. टाकीतलं पेट्रोल शिळं झालेलं असतं. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी चिंध्या आणि कागद भरून घर केलेलं असू शकतं. अशा वेळी सेल्फ मारला की कोरडे भाग एकमेकांवर घासतात आणि डब्यातला कचरा आत ओढला जातो. गणपतीला अजून महिना-दीड महिना आहे, वेळ पुरेसा आहे. काम क्रमाने करा, आणि पहिल्या दिवशी किल्ली फक्त दार उघडण्यापुरती वापरा, स्टार्टला लावू नका.

कव्हर काढून टॉर्च घेऊन गाडीभोवती फिरा. फरशीवर काळा चिकट डाग असेल तर तो ऑइलचा. हिरवा, निळा किंवा लालसर आणि बोटाला बुळबुळीत लागणारा डाग कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा. चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसली तर ब्रेक ऑइल गळतंय असं धरून चाला. मग बॉनेट उघडा. वायरींवर कुरतडल्याच्या खुणा, बॅटरीखाली लेंड्या, पुढच्या काचेखालच्या जाळीत साचलेला पालापाचोळा, सगळं बघा. पाला हाताने काढून टाका; तिथली पाणी जायची भोकं बुजली की पावसाचं पाणी आतल्या कार्पेटपर्यंत येतं. कव्हर प्लॅस्टिकचं असेल तर ते परत घालू नका. शिवाजी पार्कात समुद्राची खारी हवा, त्यात पावसाळा. प्लॅस्टिकखाली ओल अडकते आणि दरवाजांच्या कडांना गंज धरतो. कापडी, हवा खेळती ठेवणारं कव्हर घ्या.

बॅटरी गेली आहे असंच समजा. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की शिशाच्या प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि मग कितीही चार्जिंगला लावा, ती करंट धरत नाही. दुसऱ्या गाडीवरून करंट देऊन इंजिन सुरू केलंत तरी नंतर त्या मेलेल्या बॅटरीचा सगळा भार तिला चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरवर पडतो. नवीनच घ्या; जुनी दुकानदार परत घेतो आणि तिचे पैसे बिलातून वजा करतो. नवी बॅटरी बसवल्यावर मीटर लावून बघायला सांगा. इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा हवा, चालू असताना साधारण १३.८ ते १४.४.

आता पेट्रोल. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, त्याचं प्रमाण वाढत वाढत २० टक्क्यांवर आलं आहे. तुमच्या टाकीतलं पेट्रोल त्याआधीचं असलं तरी इथेनॉल त्यातही आहेच. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि पाणी फार झालं की ते पाण्यासकट वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. पंप नेमका तळाकडूनच पेट्रोल उचलतो. शिवाय जुन्या पेट्रोलचा चिकट थर इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या बारीक छिद्रांत जमतो. म्हणून टाकी पूर्ण रिकामी करून घ्या आणि आठ-दहा लिटर ताजं पेट्रोल भरा. हे काम मेकॅनिककडूनच करून घ्या. तोंडाने नळी ओढण्याचा प्रकार कोणालाही करू देऊ नका. काढलेलं पेट्रोल गटारात ओतू नका. मेकॅनिकला नेऊ द्या.

गाडी गॅरेजला न्यायची घाई नको, मेकॅनिकलाच घरी बोलवा. त्याला सांगा की ऑइल आणि ऑइल फिल्टर स्टार्ट करायच्या आधी बदलायचंय. तुमच्या इंजिनाला तीन सिलिंडर आहेत. तिन्ही प्लग काढून प्रत्येकात चमचाभर ऑइल सोडावं, तासभर मुरू द्यावं, मग पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून ठेवून पाच-पाच सेकंद सेल्फ मारावा. डॅशबोर्डवरचा ऑइलचा लाल दिवा विझला की ऑइल वरपर्यंत पोचलं. त्यानंतरच प्लग आणि फ्यूज जागेवर लावून इंजिन सुरू करायचं. माझ्या लालबागच्या गॅरेजमध्ये अशी गाडी आली की आम्ही यातली एकही पायरी गाळत नाही. यात अर्धा दिवस जातो, पण इंजिन उघडण्याच्या खर्चापुढे तो काहीच नाही. एखादा मेकॅनिक ‘एवढं कशाला’ म्हणाला तर दुसरा बघा.

बाबांना आठवून विचारा, गाडी लावली तेव्हा हँडब्रेक ओढला होता का? ओढला असेल तर मागच्या ब्रेकच्या ड्रममध्ये लायनर, म्हणजे ड्रमवर घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या, चिकटलेले असतील. न्यूट्रलमध्ये टाकून, हँडब्रेक सोडून दोघांनी हाताने ढकलून बघा. हलली नाही तर इंजिनाच्या जोरावर हिसका देऊ नका, लायनर सुटून आत पडतो. मागची चाकं काढून ड्रम उघडावे लागतील. पुढच्या डिस्कवरचा तांबूस गंज वरवरचा असेल तर चार-सहा ब्रेक मारल्यावर निघून जातो. खड्डे पडले असतील तर डिस्क बदला. ब्रेक ऑइलही ओल शोषतं, ते दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. तुमचं बदलायलाच हवं. चिपळूणच्या वाटेवर कशेडी घाटाचा टप्पा आहे, आणि पाणी धरलेलं ब्रेक ऑइल उतारावर तापलं की पेडल मऊ पडतं. गाडीत बाबा बसणार आहेत.

टायरच्या बाजूवर लंबगोल चौकटीत चार आकडे सापडतील. २३१८ असतील तर तो टायर २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी कितीही शाबूत दिसली तरी टायर सहा वर्षांपुढचे असतील, किंवा बाजूला बारीक भेगा असतील, तर चिपळूणचा रस्ता त्यांच्यावर करू नका. स्टेपनीही तपासा. वायपरचे रबर नवीन घाला, ते स्वस्त आहेत.

दर रविवारच्या पाच मिनिटांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण मुंबईतल्या बहुतेक सोसायट्यांमध्ये हाच सल्ला मिळतो. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण लिटरभर पाणी तयार होतं. इंजिन नीट तापलेलं असेल तर ते वाफ होऊन बाहेर जातं. पाच मिनिटांत इंजिन तापत नाही, ऑइल तर त्याहून उशिरा तापतं. मग ते पाणी सायलेन्सरमध्ये साचून त्याला आतून गंजवतं, थोडं ऑइलमध्येही उतरतं. आणि सेल्फ मारताना बॅटरीतून जेवढं गेलं तेवढंही पाच मिनिटांत परत भरत नाही. तुमची बॅटरी उतरली ती बरीचशी अशीच. बंद गॅरेजमध्ये तर हा प्रकार जिवावरचा आहे, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गाडी रस्त्यावरच काढायला हवी. दहा-पंधरा दिवसांतून एकदा, सलग २५-३० मिनिटं, त्यातली दहा मिनिटं एसी लावून. एसीच्या कॉम्प्रेसरच्या सीलला वंगण त्या गॅसबरोबरच फिरतं. एसी महिनोन्‌महिने बंद राहिला की सील सुकतो आणि गॅस गळतो.

रस्त्यावर काढण्याआधी कागद बघा. विमा संपला असेल तर गाडी गेटबाहेर नेऊ नका. थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे. खंड पडलेला विमा पुन्हा घेताना कंपनी गाडीची तपासणी करते, आणि ९० दिवस उलटून गेले असतील तर नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, तीही जाते. पीयूसी नवं काढावं लागेल. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, म्हणजे तुमची २०२७ मध्ये संपेल; आरसीवरची नेमकी तारीख आत्ताच लिहून ठेवा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट लागते, ती बसवली नसेल तर त्याचंही बघा.

पहिली चक्कर रविवारी सकाळी सहाला, कॅडल रोड आणि पार्काच्या आजूबाजूच्या गल्ल्यांमधून. कोस्टल रोडवर पहिल्याच दिवशी जाऊ नका, बोगद्यात गाडी बंद पडली तर बाजूला घ्यायला जागा शोधावी लागेल. दोन-तीन चकरा नीट झाल्या की मग वरळीहून मरीन ड्राइव्ह आणि परत. पुढच्या आठवड्यात पनवेलपर्यंत जाऊन या. घरी आल्यावर पुन्हा खाली वाकून डाग बघा, कूलंट आणि ऑइलची पातळी बघा. या सगळ्या चकरांना बाबांना शेजारी बसवा. इतकी वर्षं त्यांनीच ती गाडी चालवली आहे. नेहमीपेक्षा वेगळा आवाज आला तर तो माझ्याआधी त्यांना कळेल. पनवेलहून गाडी बिनतक्रार आली तर चिपळूणला खुशाल न्या.

प्रश्न : सोसायटीत उंदरांचा सुळसुळाट आहे. वर्षात दोनदा वायरिंग बदललं. डांबराच्या गोळ्या, तंबाखूची पानं, फिनेल, सगळं करून झालं. काय करावं?
– एक वाचक, परळ

उत्तर : वासाचे उपाय चार दिवस चालतात, मग उंदीर त्या वासाला सरावतो. डांबराच्या गोळ्या तर इंजिनाजवळ ठेवूच नका, त्यांची वाफ ब्लोअरमधून आत येते. उंदीर गाडीत येतो तो निवाऱ्यासाठी, आणि शेंगदाणे, बिस्किटांचा चुरा असं काही सापडलं तर मुक्काम करतो. आतून गाडी झाडून स्वच्छ करा. एसीच्या बाहेरच्या हवेच्या तोंडाला बारीक तारेची जाळी बसवून घ्या, आणि पेट्रोल पाइप व मुख्य वायरिंगवर जाळीदार आवरण चढवा. रोज रात्री शक्य असेल तर बॉनेट उघडं ठेवा. अंधारी, बंदिस्त जागा उरली नाही की घर बांधलं जात नाही. आणि कचऱ्याचे डबे पार्किंगमधून हलवायला सेक्रेटरींकडे लेखी अर्ज द्या. खरा इलाज तोच आहे.

प्रश्न : कामानिमित्त जून ते डिसेंबर परदेशात असेन. गाडी पेट्रोलची, चार वर्षं जुनी. घरी आईशिवाय कोणी नाही, ती चालवत नाही. गाडी कशी ठेवून जाऊ? आमची जागा दोन मजली यांत्रिक पार्किंगमध्ये खालची आहे.
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : आधी जागा बदला. खड्ड्यातल्या खालच्या ट्रेवर पावसाळाभर गाडी ठेवणं धोक्याचं आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तेवढा पडायला नको, खड्ड्यातला पंप दोन तास बंद पडला तरी पाणी सीटपर्यंत येतं. सहा महिन्यांसाठी एखाद्या शेजाऱ्याशी वरच्या जागेची अदलाबदल करा. विम्यात इंजिन संरक्षणाची जोड घ्या, साध्या पॉलिसीत पाणी शिरून झालेलं इंजिनाचं नुकसान सहसा धरत नाहीत.

निघण्याच्या आठवड्यात ऑइल बदला, कारण वापरलेल्या ऑइलमधली आम्लं उभ्या इंजिनात बसून राहतात. टाकी पूर्ण भरा. रिकामी जागा कमी, तेवढी आत ओल कमी. टायरमध्ये नेहमीपेक्षा चार-पाच पीएसआय हवा जास्त ठेवा. खालून धुऊन पूर्ण सुकल्यावरच कव्हर घाला. हँडब्रेक ओढू नका, पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा. त्याआधी किल्लीतली साधी पाती दरवाजा उघडते ना ते बघा, कारण नंतर बटण चालणार नाही.

आईकडे किल्लीबरोबर एक कागद द्या आणि तोच मजकूर स्टिअरिंगवरही चिकटवा : बॅटरी काढलेली आहे, गाडी गिअरमध्ये आहे, हँडब्रेक नाही, ठोकळे आहेत. आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहा : पाणी चढलं तर गाडी कोणीही स्टार्ट करू नये, टो करूनच न्यावी.