भिंगऱ्यांची शास्त्रीय नावे : सुरुवात करताना

भिंगरी पक्ष्यांच्या शास्त्रीय नावांचा हा विषय आपण निवडलात याचा आनंद वाटला. टाइप म्हणजे जातीचा सर्वांत नमुनेदार पक्षी, हा नवख्यांचा नेहमीचा गैरसमज आधी दूर करावा; नाव ज्याला कायमचे बांधलेले असते तो नमुना म्हणजे टाइप, मग तो कितीही विटलेला असो. १९८४ मध्ये सुदानच्या तांबड्या समुद्राच्या किनाऱ्याजवळ सापडलेला एकच मृत पक्षी ‘पेट्रोकेलिडॉन पर्डिटा’ या भिंगरीच्या नावाचा संपूर्ण आधार आहे.

‘डेलिकॉन अर्बिकम (लिनियस, १७५८)’ या भिंगरीच्या नावात शेवटी नाव देणारा शास्त्रज्ञ व वर्ष असते; त्याभोवतीचा कंस गाळू नये. लिनियसने ही जाती आताच्यापेक्षा वेगळ्या प्रजातीत (जातींच्या गटात), म्हणजे ‘हिरुंडो’त, ठेवली होती; ती प्रजाती वेगळी होती एवढे तो कंस सांगतो.

नमुन्याच्या चिठ्ठीवरील ठिकाण व तारीख एकत्र वाचावी, कारण अनेक भिंगऱ्या स्थलांतर करतात आणि हिवाळी मुक्कामी टिपलेला पक्षी तिथलाच असल्याचे मानणे फार सोपे असते. लेक्टोटाइप, निओटाइप हे नंतर निवडले जाणारे टाइप सध्या बाजूला ठेवावेत.