‘चालेल’ म्हणणाऱ्या माणसांना सहलीला नेताना

“सगळे मिळून जायचं ठरलंय, पण निघायच्या आधीच मला रडू येतंय.” हे वाक्य मी उन्हाळ्याच्या सुट्टीआधी दरवर्षी ऐकते. बडोद्यातल्या आपल्या मराठी घरांत कुणी ना कुणी अमेरिकेत असतंच. मग कधीतरी ठरतं, आईबाबांचे पाय चालताहेत तोवर एकदा सगळे डिस्ने वर्ल्डला जाऊ. ठरवतात सगळे. आखणी मात्र एकाच्याच गळ्यात पडते, आणि ती बहुधा घरातली सून असते.

२०२३ मध्ये माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या अशाच एका बाईंची ही गोष्ट, त्यांच्या परवानगीने सांगते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वय चाळिशीचं, सासर दांडिया बाजारात, बँकेत नोकरी. जाणारे बारा जण: त्यांचे चौघे, सासू-सासरे, न्यू जर्सीचे दीर-जाऊ आणि त्यांची दोन मुलं, पुण्याची नणंद आणि तिचे यजमान. तीन आठवडे झोप नव्हती. जबडा दुखत होता, कारण रात्री दात घट्ट आवळले जात होते.

पर्समधून त्यांनी एक मोठा कागद काढला आणि चार घड्या उलगडून माझ्या टेबलावर पसरला. फ्लोरिडातल्या ऑरलँडोजवळचा डिस्ने वर्ल्डचा पसारा सुमारे १०० चौरस किलोमीटरचा. १९७१ मध्ये मॅजिक किंगडम सुरू झालं आणि पुढे आणखी तीन मोठी पार्क आली. पाच दिवसांत चारही बसवायची म्हणून त्यांनी तासातासाचे रंगीत चौकोन आखले होते. हॉटेलांतलं टेबल ६० दिवस आधी मिळतं, तिथे सकाळचे सहा म्हणजे आपले दुपारचे साडेतीन, तेव्हा त्या दिवशी रजा टाकायची, हेसुद्धा लिहिलं होतं. अभ्यास इतका चोख होता की मला त्यांचं कौतुक वाटलं.

कागदाच्या उजव्या बाजूला बारा नावं होती आणि प्रत्येकासमोर आवडीनिवडी. मुलांच्या रकान्यात जागा पुरली नव्हती. सासू-सासऱ्यांसमोर एकेकच शब्द होता: चालेल.

“हे कुणी लिहिलं?” मी विचारलं.

“मीच. त्यांना विचारलं की दोघंही तेच म्हणतात. तुम्ही ठरवाल ते चालेल.”

आपल्याकडे हा शब्द मायेने उच्चारला जातो. आपल्यामुळे मुलांची अडचण नको, एवढाच त्याचा अर्थ असतो. पण त्यावर पाच दिवस उभे करता येत नाहीत. तिथे दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालणं सहज होतं. मे अखेरीला ऊन, दमट हवा आणि दुपारी अचानक गडगडाट. वीज चमकायला लागली की उघड्यावरच्या राइड बंद करतात. मग तिसऱ्या दिवशी गुडघा बोलतो, आणि सगळ्यांना वाटतं आईंचा स्वभावच तसा. या बाईंनाही आतून हीच धास्ती होती. तिकिटांचं काम घेताना त्यांनी बारा जणांची मर्जीही अंगावर घेतली होती.

मी त्यांना एकच काम दिलं. दोघांना वेगवेगळं गाठायचं, नवऱ्यासमोर नाही, जेवणाच्या पानावर नाही. प्रश्न दोन: काय राहून गेलं तर चुटपुट लागेल? आणि कशाची भीती वाटते?

सासूबाई आधी गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “चालायचं काही नाही गं. तुम्ही सगळे माझ्यासाठी थांबाल आणि मुलं तोंडं करतील, त्याची भीती वाटते.” व्हीलचेअरला त्यांचा ठाम नकार होता, आणि कारण हेच. तेव्हा सुनेने आखणीच बदलली. सकाळी लवकर सगळे एकत्र, दुपारी ज्याला हवं त्याने हॉटेलवर परतायचं, संध्याकाळी पुन्हा भेटायचं. ‘आज कुणाची तरी सोबत सोडावी लागली’ असं कुणी म्हणायचं नाही, हे दिरांनी घरच्या व्हिडिओ कॉलवर सर्वांना सांगितलं. ज्या राइडसाठी जाऊबाईंचा धाकटा उंचीत बसत नव्हता, तिथे एक सोय असते: एक जण मुलाजवळ थांबतो आणि नंतर पुन्हा मोठी रांग न लावता त्या थांबलेल्याची पाळी येते. हे कळल्यावर मुलाजवळ कुणी थांबायचं हा वादही मिटला. पैशांचं मी लवकर आटोपायला सांगितलं, आकडा कागदावर मांडून. तिथे दहा वर्षांच्या मुलाला मोठ्यांचं तिकीट लागतं, हे आधी बोललेलं बरं.

सासऱ्यांचं उत्तर मात्र कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. ते प्रतापनगरला रेल्वेत होते, सगळी नोकरी नॅरोगेजवर, म्हणजे दोन रुळांत कमी अंतर असलेल्या लाइनवर. डभोईची ती लाइन १८६२ ची, सुरुवातीला बैलांनी ओढलेली, हे नातवंडांना पाठ आहे. ते म्हणाले, “तिथे वाफेची गाडी आहे म्हणतात. ती बघायचीय.” मॅजिक किंगडमभोवती खरीच वाफेची इंजिनं फिरतात, मेक्सिकोच्या युकातानमधून आणलेली, बाल्डविन कंपनीची जुनी इंजिनं. चार वर्षं बंद राहून २०२२ च्या डिसेंबरात ती गाडी पुन्हा सुरू झाली होती. (आता कुणी जाणार असाल तर आधी चौकशी करा, बांधकामामुळे ती मध्ये मध्ये बंद असते.) रंगीत चौकोनांत या गाडीचं नावही नव्हतं.

भांडण झालंच. चौथ्या रात्री जेवणाच्या जागेवरून जावा-जावांत चांगलीच जुंपली, सकाळपर्यंत बोलणं बंद होतं. पण झोप लागत होती, जबडा दुखत नव्हता.

जुलैत त्या तोच कागद घेऊन आल्या, घडीवर फाटलेला. सासूबाईंच्या रकान्यात काही बदललं नव्हतं. त्या दुसऱ्या दिवशी आपणहून व्हीलचेअरवर बसल्या आणि धाकट्या नातवाला मांडीवर घेऊन फिरल्या, हे मला तोंडी कळलं. सासऱ्यांच्या रकान्यातलं ‘चालेल’ मात्र खोडलेलं होतं. त्याखाली निळ्या शाईत, रेल्वेच्या रजिस्टरात लिहावं तशा अक्षरात होतं: ‘तीन फेऱ्या. गेज ९१४ मिमी. आपलं ७६२.’