वाय-फायवरील फोनसाठी प्राधान्य ठरवताना

अंबडच्या कारखान्यात वाय-फायवर फोन चालवण्याचे काम तुमच्याकडे आले आहे, म्हणून आधीच सांगतो की राउटरवर प्राधान्याची खूण (कोणती माहिती आधी पाठवायची हे सांगणारा आकडा) केली म्हणजे काम झाले, असे समजू नका. हवा सर्वांची सामाईक असते आणि प्रत्येक उपकरण पाठवण्यापूर्वी थांबून ऐकते. २००५ च्या ८०२.११ई या वाय-फाय मानकावर आधारलेली डब्ल्यूएमएम ही पद्धत आवाज, व्हिडिओ, सामान्य आणि पार्श्वभूमी अशा चार रांगा करते व आवाजाला सर्वांत कमी थांबवते. मात्र त्यातून संधी वाढते, हमी मिळत नाही.

नवखे अडखळतात ते या खुणांचे वाय-फायच्या रांगांच्या आकड्यांत रूपांतर होताना. आवाजाच्या पॅकेटवर (माहितीच्या छोट्या तुकड्यावर) सहसा डीएससीपी ४६ ही खूण असते; डीएससीपी म्हणजे पॅकेटमधला प्राधान्य सांगणारा सहा बिटांचा आकडा. पण अनेक उपकरणे तिचे वरचे तीनच बिट पाहतात, त्यातून ५ हा आकडा निघतो, आणि वायरलेसमध्ये ५ म्हणजे व्हिडिओची रांग. आवाजाची रांग ६ आणि ७ ची आहे. सातपूरच्या एका कार्यालयात याच चुकीपायी मी दोन दिवस नुसत्या केबल बदलत बसलो होतो. २०१८ च्या आरएफसी ८३२५ या इंटरनेट मानकांच्या दस्तऐवजात ४६ ला ६ शी जोडण्याची शिफारस आहे; तुमच्या ॲक्सेस पॉइंटवर (वाय-फाय देणाऱ्या उपकरणावर) ही जोडणी स्वतः तपासा.

सगळ्याच वाहतुकीला आवाजाची खूण देऊ नका. नाशिकच्या गजबजलेल्या द्वारका चौकात प्रत्येक गाडीने रुग्णवाहिकेचा भोंगा लावल्यासारखे होईल. फोनही डब्ल्यूएमएम पाळणारेच घ्या, कारण फोनकडून ॲक्सेस पॉइंटकडे जाणाऱ्या पॅकेटची रांग फोनच ठरवतो.