‘आनंद मानणे’ आणि ‘आनंद वाटणे’

बायबलच्या नव्या करारातील याकोबाच्या पत्राच्या आरंभी, नाना प्रकारच्या परीक्षांना तोंड द्यावे लागते तेव्हा ‘आनंदच माना’, असे वाक्य मराठी भाषांतरात येते. ‘समाधान मानणे’ या प्रयोगात मिळाले तेवढ्यावर भागवून घेण्याची छटा असते, तशीच ती येथेही आहे का, आणि दुःख होत असताना आनंद झाल्याचे दाखवावे असे हे वाक्य सांगते का, असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे.

माझ्या मते दोन्ही अर्थ येथे लागू होत नाहीत, आणि त्याचे कारण ‘मानणे’ या क्रियापदातच आहे. आनंद होतो किंवा वाटतो तेव्हा तो आपल्याला विचारून येत नाही. उपकार मानणे, हार मानणे, एखाद्याला गुरू मानणे या प्रयोगांत मात्र माणूस काही ठरवतो आणि त्या ठरवण्याची जबाबदारी घेतो. मूळ ग्रीकमधील ‘हेगेओमाय’ या क्रियापदाचाही येथे विचारपूर्वक तसे समजणे, गणणे असा अर्थ आहे. शिवाय तेथे आनंदाला ‘संपूर्ण’ या अर्थाचे विशेषण जोडलेले आहे आणि मराठीत ते काम ‘आनंदच’ मधला ‘च’ करतो, त्यामुळे भागवून घेण्याची छटा उरत नाही. हा एका अक्षराचा उपयोग मला फार समर्पक वाटतो.

‘वाटणे’ आणि ‘मानणे’ यांतला भेद नव्या करारातच दिसतो. कोणतीही शिक्षा त्या वेळी आनंदाची वाटत नाही, खेदाचीच वाटते, असे इब्री लोकांस लिहिलेले पत्र बाराव्या अध्यायात मोकळेपणाने सांगते. मरण पावलेला मित्र लाजार याच्या कबरेकडे जाताना येशू स्वतः रडला आणि अटकेपूर्वी गेथशेमाने बागेत तो अतिशय व्याकूळ झाला होता. तेव्हा वेदना नाकारणे ही ख्रिस्ती श्रद्धेची अट नाही. वेदना खरी आहे, पण शेवटचा शब्द तिचा नाही, या विश्वासावर उभे राहून घेतलेला निर्णय म्हणजे आनंद मानणे.

याकोब लगेच कारणही देतो: विश्वासाची पारख झाल्याने ‘धीर’ उत्पन्न होतो. येथील ग्रीक शब्द ‘हुपोमोने’ हा ‘खाली’ आणि ‘राहणे’ या अर्थांच्या दोन घटकांपासून बनला आहे. भाराखाली असतानाही जागा न सोडणे हा त्याचा गाभा. वधस्तंभ ‘सहन केला’ असे येशूविषयी इब्री लोकांस लिहिलेल्या त्याच पत्रात म्हटले आहे, तेथे याच शब्दाचे क्रियापद आहे, आणि त्याच वाक्यात त्याच्यापुढे असलेल्या आनंदाचा उल्लेख आहे. योहानाच्या शुभवर्तमानातील ‘धीर धरा, मी जगाला जिंकले आहे’ या वचनात मात्र हिंमत बांधण्याच्या अर्थाचा वेगळा ग्रीक शब्द आहे. मराठीत टिकून राहणे आणि हिंमत बांधणे हे दोन्ही अर्थ एकट्या ‘धीर’ शब्दात मावतात. त्यात मूळचा भेद थोडा पुसट होतो हे खरे, पण हिंमत नसलेली सहनशीलता किंवा न टिकणारी हिंमत आपण धीर म्हणून ओळखत नाही, हा आपल्या भाषेचा मोठाच लाभ आहे.

वापराविषयी एक सूचना करावीशी वाटते. आज्ञार्थी ‘आनंद माना’ हे शब्द लिहिणारा याकोब वाचकांना ‘माझ्या बंधूंनो’ म्हणतो, आणि फिलिप्पैकरांना ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा’ असे लिहिणारा प्रेषित पौल त्या वेळी स्वतः बंदिवासात होता. नुकतेच कोणी गमावलेल्या माणसाला दुरून हे वाक्य ऐकवले, तर शब्द तेच राहतात पण अर्थ कठोर होतो. पौलानेच रोमकरांना शोक करणाऱ्यांबरोबर शोक करण्यास सांगितले आहे. म्हणून सांत्वनाच्या पत्रात ‘देव तुम्हांला धीर देवो’ असे लिहावे; ‘आनंद मानतो’ हे प्रथमपुरुषी वाक्य ज्याचे दुःख आहे त्यालाच, त्याची वेळ आल्यावर, म्हणू द्यावे.